घरचा खेळ परक्याच्या यंत्रावर

२००१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंतील मायक्रोसॉफ्ट कंपनीनें एक्सबॉक्स नांवाचें आपलें पहिलें खेळयंत्र बाजारांत आणलें आणि त्याच्याबरोबर ‘हेलो’ नांवाचा एक खेळ आणला. यंत्र अवजड होतें, कंपनी या धंद्यांत नवखी होती, आणि समोर जपानच्या सोनी व निन्टेन्डो या दोन मुरलेल्या कंपन्या उभ्या होत्या. तरीहि पुष्कळांनीं तें यंत्र घरीं आणलें, तें मुख्यतः या एका खेळासाठीं. पुढें चोवीस वर्षें हा खेळ किंवा त्याचा कोणताहि पुढील भाग सोनीच्या यंत्रावर आला नाहीं. मग २०२५ च्या ऑक्टोबरांत मायक्रोसॉफ्टनेंच जाहीर केलें कीं, त्या पहिल्या खेळाची नवी आवृत्ति २०२६ मध्यें सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर देखील निघेल. ज्यांनीं ‘हेलो’च्या ओढीनें एक्सबॉक्स घेतला होता त्यांना आपल्याच ग्रामदैवताची पालखी परगांवच्या वेशींत शिरतांना पाहावी तसें वाटलें असेल, तर त्यांत नवल नाहीं.

या घटनेनें उभा केलेला प्रश्न केवळ खेळणाऱ्या मुलांचा नव्हे. जी कंपनी यंत्रहि स्वतः करते आणि त्यावर खेळावयाचे खेळहि स्वतः करते, तिनें ते खेळ प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर विकावेत कीं नाहींत? वरवर पाहतां उत्तर सोपें आहे. गिऱ्हाईक वाढलें कीं विक्री वाढते; मग माल अडवून कां ठेवावा? परंतु या व्यापारांत माल कोणता आणि दुकान कोणतें हेंच आधीं ठरवावें लागतें. तें वेळेवर न ठरल्यामुळें एक मोठी कंपनी यंत्रांच्या धंद्यांतून कायमची उठली, आणि तिच्याहून पुष्कळ धनवान् अशी दुसरी कंपनी अडखळत आहे.

ज्या घरांत हीं यंत्रें नाहींत त्यांच्यासाठीं थोडा खुलासा अवश्य आहे. खेळयंत्र, ज्याला बाजारांत कन्सोल म्हणतात, तें टेलिव्हिजनला जोडावयाची एक पेटी असते. वस्तुतः तो संगणकच; पण साधा संगणक कोणाचाहि कार्यक्रम चालवितो, आणि ही पेटी मात्र तिच्या मालक-कंपनीच्या संमतीची खूण असलेलाच खेळ चालविते. निन्टेन्डोनें १९८५ मध्यें अमेरिकेंत आपलें यंत्र नेलें तेव्हां त्यांत एक चिप अशी बसविली होती कीं, खेळाच्या डबींत तिची जोडीदार सांपडली नाहीं तर खेळ चालूंच नये. कुलूप यंत्राला आणि किल्ली खेळांत! आज ती किल्ली चिपेच्या रूपाची नसून गणिती सहीच्या रूपाची असते, एवढाच फरक.

ग्रामोफोनच्या इतिहासांत याला फार जवळचें उदाहरण आहे. आपल्याकडील जुन्या घरांतून नाट्यसंगीताच्या ज्या तबकड्या असत त्या कोणत्याहि कंपनीच्या ग्रामोफोनवर लागत, कारण तबकडीच्या खांचा आडव्या नागमोडी कोरण्याची रीत बहुतेक सर्वांची एकच होऊन बसली होती. टॉमस एडिसननें मात्र १९१२ मध्यें जी ‘डायमंड डिस्क’ काढली तिच्या खांचा खालीं-वर कोरलेल्या होत्या. त्याची तबकडी त्याच्याच यंत्रावर आणि त्याच्या यंत्रावर त्याचीच तबकडी. दुसरी लावावयाची तर निराळी जोडणी विकत घ्यावी लागे. आवाज उत्तम होता. परंतु ज्याला जो गवई ऐकावयाचा त्याची तबकडी दुसऱ्या कंपनीकडे असली म्हणजे उत्तम आवाज घेऊन करावयाचें काय? १९२९ मध्यें एडिसनच्या कंपनीनें सर्वांच्या यंत्रांवर चालतील अशा तबकड्या काढून पाहिल्या, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तबकड्यांचा धंदाच बंद केला. दार उघडलें, पण तोंवर बाजार उठून गेला होता.

आतां पैशाचा हिशेब पाहूं. पेटी विकून कंपनीला नफा होतोच असें नाहीं. २०२१ मध्यें अमेरिकेंतील एका गाजलेल्या दाव्यांत साक्ष देतांना मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकारी बाईंनीं सांगितलें कीं, एक्सबॉक्सच्या पेटीच्या विक्रीवर कंपनीनें कधींच नफा मिळविलेला नाहीं. मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कशासाठीं? तर त्या पेटीवर जो जो खेळ विकला जाईल, मग तो कोणीहि तयार केलेला असो, त्याच्या किंमतींतून सुमारें तीस टक्के वांटा पेटीच्या मालकाला मिळतो. ज्याचा रस्ता त्याची जकात! एका घरांत एकदां पेटी शिरली कीं त्या घराची पुढील सहा-सात वर्षांची खरेदी त्याच नाक्यावरून जाते. या दृष्टीनें पाहिलें म्हणजे ‘हेलो’ हा विकावयाचा माल कमी, आणि वाटसरूंना या रस्त्यावर बोलावणारा नगारा अधिक होता, हें ध्यानांत येतें.

समजा, खेळाची किंमत ७० डॉलर आहे. आपल्या नाक्यावर तो विकला तर ७० च्या ७० डॉलर घरांत राहतात. प्रतिस्पर्ध्याच्या नाक्यावर विकला तर सुमारें ४९ डॉलर आपले आणि २१ त्याचे. हें २१ डॉलरांचें नुकसान डोळ्यांना दिसणारें आहे. न दिसणारें याहून मोठें. जो मनुष्य या एका खेळासाठीं आपली पेटी घेणार होता तो आतां घेणार नाहीं. आणि त्यानें पुढें घेतलेल्या प्रत्येक खेळाची जकात, तो खेळ कोणाचाहि असो, प्रतिस्पर्ध्याच्या गल्ल्यांत पडेल. नगारा आपण वाजवावा आणि यात्रा दुसऱ्याच्या गांवीं भरावी, असा हा प्रकार होतो.

मग कोणी आपला खेळ बाहेर देतोच कां? त्याचें कारण खेळ तयार करण्याच्या खर्चांत आहे. २०२३ मध्यें अमेरिकन न्यायालयापुढें आलेल्या कागदपत्रांवरून असें उघड झालें कीं, सोनीच्या ‘द लास्ट ऑफ अस’ या खेळाच्या २०२० मध्यें निघालेल्या दुसऱ्या भागास सुमारें २२ कोटि डॉलर खर्च आला होता. एवढ्या खर्चाचा खेळ ७० डॉलरांस विकला तर नुसता निर्मितीचा खर्च भरून येण्यास, जाहिरात वगळून, आपल्या नाक्यावर सुमारें ३१ लाख प्रती खपल्या पाहिजेत. परक्याच्या नाक्यावर ४५ लाख. ज्याचीं यंत्रें दहा-बारा कोटि घरांत आहेत त्याला हा आंकडा सहज वाटेल. ज्याचीं यंत्रें दोन-तीन कोटि घरांतच आहेत त्याला मात्र आपल्याच आळींत एवढे गिऱ्हाईक कोठून मिळावें? तात्पर्य, यंत्राचा प्रसार जितका तोकडा, तितका खेळ बाहेर नेण्याचा मोह मोठा. आणि खेळ जितका बाहेर गेला, तितकें यंत्र घेण्याचें कारण लहान. हें चक्र एकदां फिरूं लागलें कीं थांबवितां येणें कठीण.

यांत यंत्रशास्त्राचाहि भाग आहे. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या पेटीची घडण निराळी असे आणि एकीवरचा खेळ दुसरीवर आणणें म्हणजे जवळजवळ नवा खेळ लिहिणें होतें. प्लेस्टेशन ५ आणि २०२० चा एक्सबॉक्स या दोहोंचें अंतरंग मात्र एएमडी या एकाच अमेरिकन कंपनीच्या आराखड्यांवर उभें आहे. स्थलांतराचा खर्च उतरला. अडसर राहिला तो धोरणाचाच.

हा प्रश्न धंद्याच्या बाल्यावस्थेंतहि उठला होता. १९८२ मध्यें कोलेको नांवाच्या अमेरिकन कंपनीनें आपल्या नव्या यंत्राबरोबर निन्टेन्डोचा ‘डाँकी काँग’ हा खेळ भेट म्हणून दिला, आणि तोच खेळ अटारी व मॅटेल यांच्या यंत्रांसाठींहि विकावयास काढला. अटारीचें यंत्र १९७७ चें. त्यावर तो खेळ फारच ओबडधोबड दिसे. म्हणजे परक्या यंत्रावरील खेळ एकीकडे पैसे देई, आणि दुसरीकडे ‘खरा पाहावयाचा असेल तर आमचें यंत्र घ्या’ असें न बोलतां सांगे. युक्ति नामी होती. पण १९८३ मध्यें अमेरिकेंतील हा सारा बाजारच कोसळला आणि दोन वर्षांत कोलेकोचें यंत्र नामशेष झालें. त्यामुळें त्या युक्तीची पुरी कसोटी लागलीच नाहीं.

ज्या कंपनीचें उदाहरण या चर्चेंत नेहमी दिलें जातें, आणि बहुधा चुकीच्या अर्थानें दिलें जातें, ती सेगा. जपानांतील ही कंपनी नाण्यांवर चालणाऱ्या खेळांच्या धंद्यांतून वर आली. १९९१ मध्यें तिनें ‘सॉनिक’ नांवाचा निळा साळू जन्मास घातला आणि अमेरिकेंत निन्टेन्डोच्या मारिओला तुल्यबळ असा प्रतिमल्ल उभा केला. त्या दिवसांत सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर दिसावा ही कल्पनाहि दोन्ही पक्षांच्या मुलांना पाखंडासारखी वाटली असती.

सेगाचें पुढें जें झालें त्याचें मूळ खेळ घरांत ठेवण्यांत नव्हतें. गिऱ्हाइकाचा विश्वास घालविण्यांत होतें. १९९४ च्या अखेरीस तिनें अमेरिकेंत ३२एक्स नांवाची एक जोडणी विकली, जिच्यामुळें जुनें यंत्र नव्यासारखें चालेल असें सांगितलें गेलें. आणि १९९५ च्या मे महिन्यांत, म्हणजे सहा महिन्यांच्या आंत, सॅटर्न हें सर्वस्वी नवें यंत्र तेथें अचानक दुकानांत मांडलें! जोडणी घेणाऱ्या बापाचे पैसे पाण्यांत गेले. एका घरांत असें एकदां झालें कीं तें घर पुढच्या वेळीं हात आंखडतें. १९९८ मध्यें जपानांत आणि १९९९ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंत सेगानें ड्रीमकास्ट आणलें. यंत्र सरस होतें, त्यांत टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या गड्याशीं खेळण्याची सोय होती. पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही खेळ लिहिणारी बडी कंपनी त्यासाठीं एकहि खेळ देईना, आणि मार्च २००० मध्यें सोनीनें प्लेस्टेशन २ आणलें, जें खेळ चालवी आणि डीव्हीडीवरील चित्रपटहि दाखवी. संसारी माणसाला एका पैशांत दोन कामें झालेलीं कोणाला नकोत?

३१ जानेवारी २००१ रोजीं सेगानें जाहीर केलें कीं, मार्चअखेर ड्रीमकास्ट बनविणें बंद होईल आणि यापुढें कंपनी इतरांच्या यंत्रांसाठीं खेळ करील. त्या सुमारास तिचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांनीं सुमारें ८५ अब्ज येन किंमतीचे आपले स्वतःचे शेअर कंपनीला देऊन टाकले, आणि १६ मार्च रोजीं ते वारले. आपला कारखाना बुडूं नये म्हणून शेवटच्या दिवसांत एवढी माया ओतणारा मालक व्यापाराच्या इतिहासांत क्वचित् सांपडेल. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सॉनिकचा खेळ निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर निघाला. कंपनी वांचली. २००४ मध्यें ती सॅमी कंपनीशीं जोडली गेली, आणि २००५ मध्यें तिनें सोनीच्या यंत्रावर ‘याकुझा’ ही जी नवी मालिका सुरू केली ती अजून चालते आहे.

यावरून ‘खेळ बाहेर दिला कीं यंत्र मरतें’ असा निष्कर्ष काढणारे घटनांचा क्रम उलटा लावतात. सेगाचें यंत्र आधीं मेलें, खेळ मागाहून बाहेर पडले. घर मोडल्यावर भांडीं बाजारांत येतात. भांडीं बाजारांत आल्यामुळें घर मोडत नाहीं. मात्र मोडलेल्या घराच्या भांड्यांना भाव पाडून मागितला जातो, हेंहि खरें. आणि म्हणून बाहेर जावयाचेंच असेल तर यंत्र सशक्त असतांना, आपल्या अटींवर जावें, असें सेगाच्या उदाहरणावरून म्हणतां येतें.

निन्टेन्डोची गोष्ट अगदीं निराळी आहे. १८८९ मध्यें क्योटो शहरांत पत्ते बनविण्यासाठीं निघालेल्या या कंपनीनें आपले पुतळे परक्याला एकदां उसने दिले होते. सोनीबरोबरचा करार १९९१ मध्यें मोडून ती फिलिप्सकडे वळली, आणि त्या व्यवहारांत फिलिप्सला आपल्या सीडी-आय यंत्रावर निन्टेन्डोचीं पात्रें वापरण्याची मुभा मिळाली. १९९३-९४ मध्यें ‘झेल्डा’ आणि मारिओ यांचे जे खेळ त्यावर निघाले ते आज केवळ थट्टेचा विषय म्हणून आठवले जातात. (मोडलेल्या करारानें दुखावलेल्या सोनीनें १९९४ मध्यें स्वतःचें प्लेस्टेशन काढलें, तेव्हां निन्टेन्डोला तो करार दोन्ही बाजूंनीं महाग पडला म्हणावयाचा.)

पुढें २०१२ मध्यें निघालेलें निन्टेन्डोचें वी यू हें यंत्र पडलें. सारें मिळून सुमारें १ कोटि ३५ लाखच खपलें. तेव्हां कंपनीनें मारिओ टेलिफोनवर आणावा, यंत्रांचा नाद सोडावा, असा गलका झाला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनीं २०१४ च्या आरंभीं स्वतःचा पगार निम्मा केला, पण यंत्र सोडलें नाहीं. वी यूवर निघालेला ‘मारिओ कार्ट ८’ हा शर्यतीचा खेळ कंपनीनें २०१७ मध्यें थोड्या भरीसह आपल्याच नव्या स्विच यंत्रावर आणला, आणि त्याच्या ६ कोटींहून अधिक प्रती गेल्या. जो खेळ २०१४ मध्यें परक्याला दिला असतां चार पैसे लगेच मिळाले असते, तोच घरांत राहिल्यामुळें पुढील यंत्राचा आधारस्तंभ झाला. स्वतः इवाता हें पाहावयास राहिले नाहींत. जुलै २०१५ मध्यें त्यांचें निधन झालें.

निन्टेन्डो अगदींच सोंवळी राहिली असेंहि नाहीं. डिसेंबर २०१६ मध्यें मारिओ आयफोनवर धांवला. २०२३ मध्यें तो चित्रपटांत गेला आणि त्या चित्रपटानें १३० कोटि डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. परंतु टेलिफोनवर आणि पडद्यावर गेला तो मारिओचा चेहरा. त्याचा पुरा खेळ नव्हे. भाविक दर्शनाला देवळांतच यावयाचा, तसबीर मात्र घरोघर, ही जुनी रीत येथें पाळलेली दिसते.

सोनीनें मधला मार्ग धरला. ऑगस्ट २०२० मध्यें तिनें ‘होरायझन झीरो डॉन’ हा २०१७ चा खेळ आणि जानेवारी २०२२ मध्यें ‘गॉड ऑफ वॉर’ हा २०१८ चा खेळ संगणकावर आणला. म्हणजे तीन-चार वर्षें घरांत नांदवून, नवेपणा ओसरल्यावर, बाहेर पाठविला. तोहि एक्सबॉक्सवर नव्हे. नाटक कंपनी मुंबई-पुण्यास प्रयोग संपवून मग जिल्ह्याच्या गांवीं दौऱ्यावर निघते तसें. फेब्रुवारी २०२४ मध्यें मात्र ‘हेलडायव्हर्स २’ हा खेळ दोन्हीकडे एकाच दिवशीं निघाला आणि बारा आठवड्यांत १ कोटि २० लाख प्रती खपल्या. हा चौघांनीं मिळून खेळावयाचा खेळ. येथें गडी जितके अधिक तितकी गंमत अधिक, म्हणून भिंती घालणें येथें आत्मघातकी ठरतें. त्याच वर्षीं मे महिन्यांत सोनीनें संगणकावरील खेळाडूंना प्लेस्टेशनचें खातें उघडण्याची सक्ति करूं पाहिली. अनेक देशांत तें खातें मिळतच नव्हतें! एवढा गहजब झाला कीं कांहीं दिवसांत हुकूम मागें घ्यावा लागला. दुसऱ्याच्या वाड्यांत बिऱ्हाड केल्यावर आपल्या घरचे नियम तेथें लादतां येत नाहींत. ऑगस्ट २०२५ मध्यें हाच खेळ एक्सबॉक्सवरहि गेला.

आतां पुन्हां मायक्रोसॉफ्टकडे. २०१४ मध्यें तिनें ‘माइनक्राफ्ट’ हा खेळ त्याच्या स्वीडिश निर्मात्यांसह २५० कोटि डॉलरांस घेतला आणि प्लेस्टेशनवरून तो काढला नाहीं. २०२३ पर्यंत सर्व यंत्रांवर मिळून त्याच्या ३० कोटींवर प्रती गेल्या. इतका चांगला धडा घरांतच असतां, २०२१ मध्यें बेथेस्डा ही खेळसंस्था घेतल्यावर तिचा ‘स्टारफील्ड’ हा खेळ २०२३ मध्यें मात्र सोनीच्या यंत्रावर येऊं दिला नाहीं. त्याच वर्षीं ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही प्रचंड कंपनी घेण्याचा ६,८७० कोटि डॉलरांचा सौदा न्यायालयांत अडला असतां प्रमुख अधिकारी सत्य नाडेला यांनीं सांगितलें कीं, आपल्या हातीं असतें तर हे राखीव खेळ मुळींच ठेवले नसते. पण बाजारांत जो प्रबळ त्यानें स्पर्धेची रीत ठरविली, आणि दुबळ्याला ती पाळावी लागते. हें म्हणणें सोयीचें खरें, पण खोटें नव्हे: आदल्या पिढींत सोनीचीं यंत्रें आपल्या दुपटीहून अधिक खपलीं हें मायक्रोसॉफ्टनें २०२२ मध्यें ब्राझीलच्या सरकारपुढें स्वतःच कबूल केलें होतें.

सौदा पुरा झाला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा त्यांतील सर्वांत कमाऊ खेळ सोनीला दहा वर्षें देण्याचा करार झाला. येथेंच खरा निकाल लागला. एवढा पैसा ओतल्यावर कंपनी यंत्र विकणारी राहिली नाहीं, खेळ प्रसिद्ध करणारी झाली; आणि प्रकाशकानें आपलें पुस्तक एकाच दुकानांत ठेवणें हा शहाणपणा नव्हे. म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्यें चार खेळ परक्या यंत्रांवर नेण्याचा जो निर्णय झाला तो योग्यच होता. दोष निर्णयांत नसून सांगण्याच्या पद्धतींत होता. त्या वेळीं सांगण्यांत आलें कीं, जाणारे खेळ चारच आहेत आणि ‘इंडियाना जोन्स’ त्यांत नाहीं. सहा महिने होतात न होतात तोंच तो खेळहि प्लेस्टेशनवर जाणार असें जाहीर झालें. मग मोटारींचा ‘फोर्झा’ गेला, ‘गिअर्स ऑफ वॉर’ गेला, आणि शेवटीं ‘हेलो’ची पाळी आली. नोव्हेंबर २०२४ मध्यें तर कंपनीनेंच जाहिरात काढली कीं, टेलिफोन, टेलिव्हिजन, संगणक हे सारे एक्सबॉक्सच होत! आणि ज्या पेटीची किंमत २०२० मध्यें ४९९ डॉलर होती तिची किंमत, यंत्र जुनें होत असतां, २०२५ मध्यें दोनदां वाढवून ६५० डॉलर केली. सारेंच एक्सबॉक्स असेल तर साडेसहाशें डॉलरांची पेटी कशाला, असें गिऱ्हाइकानें विचारलें तर त्याला उत्तर काय द्यावें?

बाहेर दिलेला खेळ आपल्या कारागिरांना वांचवितो, हाहि समज पुरता खरा नाहीं. त्या पहिल्या चारांतील ‘हाय-फाय रश’ हा तालावर लढावयाचा मोठा गोड खेळ टोकियोंतील टँगो गेमवर्क्स या लहान संस्थेनें केला होता. १९ मार्च २०२४ रोजीं तो प्लेस्टेशनवर गेला. ७ मे रोजीं मायक्रोसॉफ्टनें ती संस्थाच बंद करण्याचें जाहीर केलें. ऑगस्टांत दक्षिण कोरियांतील क्राफ्टन कंपनीनें तिला हात दिला म्हणून ती तगली.

सरसकट बाहेर द्या किंवा सरसकट राखा, असा एक नियम सर्वांना लागू करतां येत नाहीं. निन्टेन्डोचें यंत्र आणि खेळ एकमेकांसाठीं घडलेले असतात. तिनें ते वेगळे काढूं नयेत हेंच बरें. सोनीचा दौऱ्याचा मार्ग, जोंवर तिचें यंत्र पुढें आहे तोंवर, व्यवहारी आहे. मायक्रोसॉफ्टला परतण्याची वाट उरलेली नाहीं. तिनें कोणता खेळ किती महिने घरांत राहील आणि केव्हां बाहेर जाईल याचा नियम एकदां छापून टाकावा, आणि पेटी घ्यावयाचीच झाली तर तिच्या स्वतःच्या गुणांसाठीं घ्यावी असें कांहीं त्या पेटींत ठेवावें. जुन्या एक्सबॉक्सचे अनेक खेळ नव्यावर चालतात, हा असा एक गुण आहे आणि तो लहान नाहीं.

जे लोक घरांत असें यंत्र आणावयाच्या विचारांत असतील त्यांनीं मात्र एक गोष्ट दुकानांतच विचारून घ्यावी. जो खेळ तबकडीवर घेतला तो उसना देतां येतो, विकतांहि येतो. जो तारेवरून उतरवून घेतला तो घेणाऱ्याच्या खात्याला बांधलेला राहतो. आणि २०२० च्या एक्सबॉक्समधील स्वस्त पेटीला तर तबकडीची खांचच नाहीं. खेळ आतां कंपन्यांच्या भिंती ओलांडूं लागले असले तरी खरेदी ओलांडीत नाहीं. एका कंपनीच्या खात्यावर घेतलेला खेळ दुसरीच्या यंत्रावर हवा असेल तर तो पुन्हां पुऱ्या किंमतीस घ्यावा लागतो. मायक्रोसॉफ्टचे कांहीं खेळ एकदां घेतले असतां एक्सबॉक्सवर आणि विंडोजच्या संगणकावर दोन्हीकडे चालतात. ही सवलत सोनीच्या वेशीपाशीं येऊन थांबते.